गाडी आपली, किल्ली आपली. मग अक्कल उसनी का?



गेल्या कार्तिकातली गोष्ट आहे. शिरूर तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या एका वस्तीवर सहा घरांचा कापूस रात्रीच आमच्या जुन्या डिझेल पिकअपमध्ये भरून ठेवला होता. पहाटे निघायचे, उजाडता जिनिंगवर पोचायचे, नंबर लवकर लावायचा, असा बेत होता. पहाटे साडेतीनला किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, गाडी काही उठली नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. साडेपाचपर्यंत बॅटरी बसली. धक्का मारायला सहाजण लागले, तरी नाही. दुपारी गॅरेजवाला आला आणि संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. ताडपत्रीला दोन ठिकाणी भोके होती. सहा घरांचा कापूस वरच्या थरात भिजला. दुसऱ्या दिवशी जिनिंगवर ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे जी कपात झाली, ती कोणाच्या खिशातून गेली हे सांगायला नको.

पुढची गोष्ट त्याहून लाजिरवाणी आहे. गॅरेजमध्ये सांगितले, पंप गेला, उतरवून कॅलिब्रेशनला पाठवावा लागेल. आम्ही मान डोलावली. पंप गेला, आला, बसला, बिल भरले. आठ दिवसांनी पहाटे पुन्हा तीच कथा. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या ट्रॅक्टर ड्रायव्हरने गाडीखाली वाकून टाकीकडून येणाऱ्या डिझेलच्या रबरी पाइपावर बोट फिरवले. क्लिपच्या खाली, हातभर पाइपाच्या टोकाला, केसाएवढी चीर होती. नवा पाइप आणि दोन क्लिपा दोन प्लेट मिसळीच्या पैशात आल्या. त्या दिवसापासून गाडी पहिल्या हाकेला उठते.

आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. वीस वर्षे गावोगाव सांगत फिरतो की, रोग ओळखल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका. ज्वारीची पोंगेमर दिसली की ती खोडमाशीची की खोडकिड्याची हे आधी बघा. कपाशी लाल पडली की दुकानदार देईल ती बाटली आणू नका. थंडीने, मॅग्नेशियमच्या कमतरतेने की तुडतुड्याने, ते आधी ठरवा. आणि आमच्याच गाडीच्या बाबतीत आम्ही काय केले? रोग न ओळखता सगळ्यात महागडी फवारणी केली. म्हणून हा लेख. गाडी चालू कशी करावी हे तर त्यात आहेच. पण आमचे म्हणणे त्याहून थोडे मोठे आहे. आपल्या यंत्राचा रोग आपल्याला ओळखता येणे हा शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. ते येत नसेल तर गाडीच्या आर.सी. बुकावर नाव आपले, पण मालकी दुसऱ्याची.

रस्त्यासाठी लढलो, गाडीसाठी अडलो

या चळवळीची सुरुवात आठवा. जानेवारी १९८० मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली वांद्रे ते चाकण असा मोर्चा निघाला, तो रस्त्याच्या मागणीसाठी. भामनेरच्या खोऱ्यातला माल बाजाराला पोचत नव्हता. कापसाच्या एकाधिकार खरेदीच्या काळात आपलाच कापूस आपल्याच गाडीत घालून राज्याच्या सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा होता. त्याविरुद्धही शेतकऱ्यांनी लढे दिले. २०१६ साली महाराष्ट्रात फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. म्हणजे रस्ता मिळाला, काही दरवाजेही उघडले. आता माल कोठे न्यायचा हे ठरवायला शेतकऱ्याच्या दारात एक वाहन हवे आणि ते पहाटे चालू व्हायला हवे. ते झाले नाही, तर दारात येईल तो व्यापारी सांगेल तो भाव. एवढा साधा हिशेब आहे.

भीमा आणि मुळा-मुठेच्या काठच्या बागायतदाराच्या बांधावर कारखान्याची गाडी येते. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईच्या माळावर किंवा दौंडच्या दक्षिणेला रोटी घाटाच्या अंगाला कोणाची गाडी येत नाही. तिथल्या जिरायती शेतकऱ्याने सेकंडहँड, बहुधा तिसऱ्या हातची पिकअप घेतलेली असते. तीच पोती नेते, कडबा नेते, शेळ्या नेते, बाळंतिणीला दवाखान्यात नेते आणि मोर्चाला माणसेही नेते. नवी गाडी त्याच्या हिशेबात बसत नाही. तेव्हा जुनी गाडी नीट ठेवणे ही त्याची हौस नाही, गरज आहे.

आधी ऐका

गाडी चालू होत नाही ही तक्रार म्हणजे "पीक बरोबर नाही" असे म्हणण्यासारखे आहे. त्यावरून काही कळत नाही. किल्ली फिरवल्यावर काय होते, ते ऐका.

काहीच आवाज नाही, डॅशबोर्डचे दिवेही मंद: बॅटरी बसली आहे, किंवा बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार चढून वीज अडली आहे. टक-टक-टक असा भराभर आवाज: बॅटरी अशक्त. एकच जोराचा टक आणि शांतता: वीज पोचते पण पुरेशी नाही, किंवा सेल्फच्या आतले कार्बन आणि कॉन्टॅक्ट झिजले. सेल्फ घर्र करून एकटाच फिरतो, इंजिन हलत नाही: सेल्फचा दाता इंजिनच्या चक्राला लागत नाही. सेल्फ रडतखडत फिरतो: बॅटरी, जाड वायर किंवा अर्थिंग. सेल्फ जोरात फिरतो आणि तरी इंजिन पेट घेत नाही: विजेची बाजू ठीक आहे, आता डिझेल, हवा आणि उष्णता बघा.

एवढे ऐकले तरी निम्मी लढाई संपते. निदान सेल्फचा रोग असताना पंप उतरवला जात नाही.

बॅटरीसाठी एक साधा मल्टिमीटर घ्या. गावात एक असला तरी सगळ्यांना पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर पूर्ण भरलेली; १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे रिकामी. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवे. त्याहून कमी असेल तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटर तिला भरतच नाही किंवा त्याचा पट्टा ढिला आहे. नवी बॅटरी घेऊन हा रोग जात नाही, आठ दिवस लपतो.

खार असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून टोके धुवा, कोरडी करा, घासा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वायर काढताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना ती शेवटी लावा. बॅटरीजवळ बिडी पेटवू नका, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. विहिरीचे क्षार तिला मारतात.

आणि अर्थिंगची पट्टी विसरू नका. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी ही पट्टी चिखलात गंजते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर पट्टी आणि तिचे नट उघडून पॉलिश पेपरने घासा. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिनचे ऑइल घट्ट होते. उन्हाळ्यात खपून गेलेली खराब पट्टी मार्गशीर्षात उघडी पडते ती यामुळे.

मग धूर बघा

सेल्फ जोरात फिरतो आहे, गाडी उठत नाही. आता एकाने सेल्फ मारावा आणि एकाने सायलेन्सरच्या टोकाकडे बघावे. धूर हा डिझेल इंजिनचा नाडीचा ठोका आहे.

धूर अजिबात नाही: डिझेल इंजिनपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर: डिझेल पोचते, पण जळत नाही. इंजिन फार गार आहे, हीटर प्लग गेले आहेत, किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. काळा धूर: डिझेलच्या मानाने हवा कमी पडते, आधी एअर फिल्टर झटका, कापणी-मळणीच्या दिवसांत तो भुशाने बुजतो. निळसर धूर: इंजिन ऑइल खाते.

धूर नसेल तर सगळ्यात आधी, हसू नका, टाकीत डिझेल आहे का ते काठी घालून बघा. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास नको. मग इंजिन बंद करण्याची व्यवस्था बघा. ओढून बंद करायची वायर असेल तर ती पूर्ण परत गेली आहे का? अडकली असेल तर पंप डिझेल सोडणारच नाही. विजेवर चालणारा सोलेनॉइड असेल तर किल्ली 'ऑन' करताच पंपाजवळ बारीक टक ऐकू आला पाहिजे. तो आला नाही तर तिथली वायर निघाली आहे किंवा फ्यूज गेला आहे. काही रुपयांच्या फ्यूजपायी पंप उतरवल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

हवा: न दिसणारा चोर

आता आमच्या गाडीचा रोग. जुन्या पिकअपमध्ये पहाटेच्या तक्रारीत तो वारंवार निघतो.

टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. म्हणजे या पाइपात दाब नसतो, ओढ असते. इथे चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून गाडीखाली डाग दिसत नाही, वास येत नाही आणि कोणाला शंकाही येत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की हवा शिरते आणि पाइपातले डिझेल टाकीकडे परत उतरते. पहाटे पंपाला डिझेलऐवजी हवा मिळते. एकदा कशीबशी चालू झाली की दिवसभर चांगली चालते, कारण आता पाइप भरलेला असतो. दिवसा गॅरेजमध्ये नेली तर रोग दिसतच नाही.

ओळखायचे कसे? पहाटे सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा किंवा फीड पंपावरचा हातपंप दाबून बघा. तो पोकळ लागला, बरेच दाबावे लागले, मग घट्ट झाला आणि त्यानंतर गाडी चटकन उठली, तर हवाच शिरते आहे. खात्रीसाठी दुसरी परीक्षा: पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेऊन तो इंजिनपेक्षा उंच टांगा आणि त्यातून थेट फीड पंपाला पाइप द्या. परतीचा पाइप त्याच कॅनमध्ये सोडा. गाडी अशी रात्रभर ठेवून पहाटे पहिल्या सेल्फला उठली, तर पंप, नोझल, इंजिन सगळे निर्दोष. दोष टाकी ते फीड पंप या वाटेवर. रबरी पाइप, क्लिपा, तांब्याचे वॉशर, फिल्टरचे रबरी रिंग क्रमाने बदला. कडक झालेला रबर बोटाने वाकवून बघा, चिरा दिसतात.

पाइप बदलल्यावर एअर काढावी लागते. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करा, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत हातपंप मारा आणि स्क्रू घट्ट करा. मग पंपावरच्या स्क्रूला तेच. घाई केली की एक बुडबुडा राहतो आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून.

हवेचा सख्खा भाऊ म्हणजे पाणी. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरते, ड्रममधल्या डिझेलात पावसाळ्यात पाणी जाते. फिल्टरखालचा स्क्रू आठवड्याला उघडून काचेच्या ग्लासात थोडे डिझेल घ्या. खाली पाण्याचा थर दिसेल तर सोडून द्या. शक्य तेव्हा संध्याकाळी टाकी भरून ठेवा. आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालून बंद पडत असेल, टाकीचे झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येऊन पुन्हा चालू होत असेल, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

थंडी आणि हीटर प्लग

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की डिझेल आपोआप पेटते. इंजिन गार, बॅटरी अशक्त, रिंगा झिजलेल्या, असे तीन जमले की हवा पुरेशी तापत नाही. काही इंजिनांत त्यासाठी हीटर प्लग असतात. तुमच्या गाडीत ते असतील तर दिवा विझेपर्यंत थांबा. आपल्याकडे किल्ली घातली की सरळ सेल्फ, ही सवय आहे. प्लग तपासायला जोडपट्टी काढा, बॅटरीच्या पॉझिटिव्हला एक वायर, तिला इंडिकेटरचा बल्ब आणि बल्बची दुसरी वायर एकेका प्लगच्या टोकाला. बल्ब लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर मेला. थेट इंजेक्शनच्या पुष्कळ इंजिनांत हे प्लग नसतात. ती निरोगी असली की आपल्याकडच्या थंडीत त्याशिवायच उठतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हवेच्या नळीत पेट्रोलचा बोळा किंवा पेटती चिंधी धरायची पद्धत सोडा. पेट्रोल अवेळी पेट घेते, रिंगा आणि पिस्टन फुटतात, हात भाजतात. इंजिनला त्याची सवय लागते असे म्हणतात. खरे असे की, मूळ रोग वाढत जातो आणि आपण त्याला दारू पाजून उभे करतो.

स्लोवर बंद पडते, थरथरते, रेस वरखाली होते

गाडी उठली, पण सिग्नलला किंवा वजनकाट्यावर उभी केली की बंद पडते. इथे सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा उपाय म्हणजे स्लोचा स्क्रू पिळून रेस वाढवणे. पिवळ्या पानांवर युरिया मारल्यासारखे ते आहे. चार दिवस हिरवे दिसते, चुनखडीतली लोहाची कमतरता तशीच राहते. डिझेल मात्र रोज जास्त जळते.

रेस आपोआप वरखाली होत असेल तर आधी पुन्हा हवाच शोधा, मग फिल्टर. थरथर ठराविक ठोक्याने येत असेल, मिसिंग असेल, तर एक सिलिंडर काम करत नाही. जुन्या साध्या पंपाच्या इंजिनावर तो शोधता येतो. इंजिन स्लोवर ठेवा, नोझलकडे जाणाऱ्या एकेका पाइपाचा नट पाव फेरा ढिला करा आणि पुन्हा घट्ट करा. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाज आणखी बिघडतो तो सिलिंडर कामाचा. ज्याच्यावर काहीच फरक पडत नाही तो आळशी. त्याचे नोझल काढून तपासायला द्या, चारही नाही. डोळ्यांना चष्मा, हाताला कापड आणि तोंड लांब ठेवा. दाबाखालचे डिझेल कातडीतून आत घुसते. ती जखम बारीक दिसते पण बोट जाऊ शकते, तेव्हा लगेच दवाखाना.

आवाज सारखा आहे पण गाडीच थरथरते, तर इंजिनचे फाउंडेशनचे रबर बसले आहेत. टक-टक असा वरून आवाज असेल तर टॅपेट. हे सगळे करून झाल्यावर, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर स्लो लावा.

आणि मग पंप? पंपाचे सील तोडायचे नाही. वरचे सगळे तपासूनही रोग गेला नाही, तरच तो काढायचा. ऑइल भरायचे झाकण स्लोवर उघडल्यावर आतून भकाभका धूर येत असेल, तर रिंगा गेल्या. तिथे आपली विद्या संपते, मेकॅनिककडे जायचे. काम करताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून. एवढे तरी पाळा.

मेकॅनिक शत्रू नाही

कोणी म्हणेल, तुम्ही गॅरेजवाल्यांच्या पोटावर पाय देता. नाही. शिरूरच्या आणि केडगाव-चौफुल्याच्या गॅरेजमध्ये काळे हात घेऊन बसलेली पोरे जिरायती शेतकऱ्यांचीच आहेत. शेतीत भागत नाही म्हणून ती तिथे गेली. त्यांच्यातले चांगले कारागीर, "पहाटे हातपंप पोकळ लागतो, कॅनवर गाडी उठते" असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मान देतात. डोळे मिटून पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकामुळे चांगला कारागीरही आळशी होतो. चूक आमची होती. आम्ही विचारलेच नाही.

शिकायला लांब जायला नको. याच शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईतली मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली जागा सोडून हा माणूस दुष्काळी गावात आला, तो एकच गोष्ट सांगायला: हाताने काम करता करता डोके शिकते. शाळेत नापास झालेली पोरे तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम शिकून आपापल्या गावात धंद्याला लागली. २००२ मध्ये तिथे अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली. मुंबई-पुण्याच्या आधी पाबळला. जिरायती गावाला यंत्र कळत नाही असे म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरे.

उद्याची गाडी आणि उद्याचा लढा

आता पुढचे बोलू. वर सांगितलेले उपाय साध्या पंपाच्या जुन्या इंजिनांचे आहेत. कॉमन रेलच्या इंजिनाचा नोझलचा नट चालू असताना कधीही ढिला करू नका, तिथला दाब जीवघेणा असतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ची सक्ती आली. ही नवी इंजिने कमी धूर सोडतात, हे चांगलेच आहे. काळ्या धुराची बाजू आम्ही घेणार नाही, तो आधी आपल्याच पोरांच्या छातीत जातो. पण या गाडीला काय झाले हे ती आता आपल्याला सांगत नाही, फक्त कंपनीच्या स्कॅनरला सांगते. बियाण्याच्या बाबतीत आपण तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले. बीटी कापसाला २००२ मध्ये मंजुरी मिळाली, २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी एचटीबीटी उघडपणे लावून सत्याग्रह केला. तंत्रज्ञान वापरण्याचे स्वातंत्र्य मागणाऱ्याने ते दुरुस्त करण्याचेही मागितले पाहिजे. नवे नको असे आमचे म्हणणे नाही. नवे हवे, पण कुलूप लावलेले नको.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनाही हेच दुखणे आहे. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला: शेतीयंत्रांच्या कंपन्यांनी सुटे भाग, माहितीपुस्तके, अवजारे आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकला द्यायचे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीअवजारे आणि वाहने दोन्ही आहेत. त्यानंतर एक पोर्टलही निघाले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कायद्याचा हक्क हातात येईपर्यंत हा लढा संपत नाही.

दुसरी गोष्ट भंगार धोरणाची. ऑगस्ट २०२१ मध्ये ते जाहीर झाले. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर थेट वयावरून बंदी आली. वर्षाला लाखभर किलोमीटर पळणारी शहरातली गाडी आणि आठवड्याला दोनदा बाजारला जाणारी जिरायतदाराची गाडी यांचे वय एकाच कॅलेंडरवर मोजू नका. तपासा, धूर मोजा, ब्रेक बघा आणि मग ठरवा. त्या तपासणीला आपली गाडी पास व्हायची असेल, तर तिची निगा आपण राखली पाहिजे. काळा धूर ओकत मोर्चाला येणाऱ्या गाडीने हा हक्क मागता येणार नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन ठराव मांडतो. पहिला: शेतकऱ्याच्या ट्रॅक्टर-पिकअपच्या दुरुस्तीचा हक्क कायद्याने मिळावा, आणि प्रत्येक गाडीबरोबर मराठीत दुरुस्तीपुस्तक मिळावे. दुसरा: गाडीचे आयुष्य वयावर नव्हे, तपासणीवर ठरावे. तिसरा ठराव सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे: प्रत्येक शाखेने वर्गणी काढून एक पेटी करावी. पान्यांचा संच, मल्टिमीटर, बल्ब आणि वायर, दोन मीटर डिझेलचा पाइप, क्लिपा, तांब्याचे वॉशर, एक फिल्टर, एक कॅन. आणि गावातला एक मुलगा आणि एक मुलगी ती पेटी वापरायला शिकावीत. मुलगीही, कारण पहाटे गाडी अडते तेव्हा घरात कोण जागे असते हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

सरकारकडे पाइप मागायला आम्ही जाणार नाही. तो दोन प्लेट मिसळीत येतो. तो कोठे फाटला आहे हे बघण्याची नजर मात्र विकत मिळत नाही. वाकून, हात काळे करूनच ती येते. येत्या बैठकीला येताना ज्यांची गाडी पहाटे रुसते त्यांनी ती घेऊनच यावे, आणि सकाळी सेल्फ न मारता, टोचन करून आणावे. बैठकीआधी मैदानात, सगळ्यांसमोर, हातपंप दाबून सुरुवात करू.